पहिली गोळी

“धरलंस कशाला?”

उस्तादांनी असंच विचारलं होतं. की “सोडलं का नाहीस?” असं?

प्राध्यापक भालचंद्र उकिडव्यांना आता शपथेवर सांगता येणार नाही. वय ब्याऐंशी, गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. एवढ्या वर्षांत ती त्यांनी मनातल्या मनात इतक्यांदा सांगितली आहे, की तिच्यातले उस्तादांचे शब्द कोणते आणि आपण मागाहून घातलेले कोणते, हे त्यांचं त्यांनाच निवडता येत नाही.

आवाज मात्र आठवतो. त्यात राग नव्हता.

आणि उस्तादांनी डाव्या डोळ्यावर दाबून धरलेल्या तळव्याखालून रक्त ओघळत होतं.

उस्ताद इमामुद्दीन शिकलगार. मिरजेत त्यांचं बंदुका दुरुस्त करण्याचं दुकान होतं. घराणं तलवारींना धार लावणारं. तलवारी गेल्या तेव्हा निम्मे भाऊबंद सतारी-तंबोऱ्यांकडे वळले, उरलेले बंदुकांकडे. शेजारच्या गाळ्यात उस्तादांचा पुतण्या सिकंदर तंबोऱ्याचे भोपळे तासत बसे.

उकिडवे तेव्हा बत्तीस वर्षांचे. जर्मनीहून यंत्रशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले, सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे, नेमबाजीचा नाद असलेले. दर शनिवारी स्कूटरवरून मिरजेला यायचे. शिकायला येतो, असं म्हणत. खरं तर उस्तादांची चूक काढायला येत.

“आले डॉक्टर!” सिकंदर गाळ्यातून ओरडे. “आमच्या तंबोऱ्याला पडसं झालंय. नाडी बघता का?”

उकिडवे हसत नसत.

काम होतं ते असं. रायफलच्या नळीच्या मागच्या तोंडाशी काडतूस बसायची जागा असते, चेंबर. उस्ताद तिला घर म्हणत. घर झिजलं, की नळीचा तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि पुढे नवं घर कोरायचं. कोरायचं हत्यार म्हणजे रिमर. काडतुसाच्याच आकाराचा, अंगभर धारा असलेला. त्याच्या टोकाला तेवढी एक बिनधारेची, गुळगुळीत पिन असते. ती नळीच्या मूळच्या भोकात आधी शिरते आणि मागून येणाऱ्या धारांना वाट दाखवते.

उकिडवे त्या पिनेला पायलट म्हणत. उस्ताद वाटाड्या म्हणत.

लेथवर नळी फिरते, रिमर फिरत नाही. तो मागून सावकाश आत सारायचा. उस्ताद रिमरला मागून फक्त एका टोकाचा टेकू देत, आणि त्याची दांडी दोन बोटांत धरत. तीसुद्धा तो नळीबरोबर गरगरू नये, एवढ्यापुरती.

पहिल्याच शनिवारी उकिडव्यांनी हे पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही.

“उस्ताद, हे डळमळीत आहे.”

“आहे.”

“रिमर हलतोय.”

“हलू दे.”

“आम्ही तो मागे चकमध्ये, लेथच्या जबड्यात, आवळून धरतो. घट्ट. नळीला डायल, म्हणजे फरक दाखवणारा काटा, लावून ती फिरवतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकासुद्धा फरक पडत नाही.”

“कशावर लावता डायल?”

“नळीच्या अंगावर.”

“आणि भोक?”

“भोक मधोमधच असतं.”

उस्तादांनी भंगाराच्या डब्यातून एक कापलेला तुकडा काढला. अंगठीएवढा, नळीचाच. तो उकिडव्यांच्या तळहातावर ठेवला.

उकिडव्यांनी निरखून पाहिलं. एका बाजूची भिंत जाड होती, दुसऱ्या बाजूची बारीक.

“ही नळी सदोष आहे,” ते म्हणाले.

“सगळ्या अशाच असतात, डॉक्टरसाहेब. थोडं कमी, थोडं जास्त. बाहेरून सरळ दिसतात, भोक आपल्या वाटेने गेलेलं असतं.” उस्तादांनी तुकडा परत डब्यात टाकला. “वाटाड्याला ती वाट सापडते. पण तुम्ही त्याची मान धरली तर...”



आठ महिने गेले. ‘डॉक्टरसाहेब’ जाऊन ‘भालचंदर’ आलं, ‘तुम्ही’ जाऊन ‘तू’ आलं. उकिडवे दुकानाचा लेथ चालवू लागले. पण कायद्याने परवाना उस्तादांच्या नावावर होता. उस्ताद शेजारी उभे असतील तेव्हाच उकिडव्यांनी नळीला हत्यार लावायचं, असं ठरलेलं होतं. आपल्यामागे कोणी हात लावला आणि ते पोलिसांत गेलं, तर दुकानाला टाळं लागेल आणि लावणाऱ्याची नोकरी जाईल, हे उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

आणि दुकानाची आणखी एक रीत होती.

जो घर कापतो, त्यानेच पहिली गोळी झाडायची. मागच्या अंगणात वाळूच्या पोत्यांची भिंत होती. तिच्यासमोर उभं राहायचं, रायफलच्या लाकडाला गाल लावायचा आणि घोडा ओढायचा.

“तिकडे रायफल शिकंज्यात बांधतात,” उकिडवे एकदा म्हणाले होते. “भिंतीआड उभं राहून दोरीने घोडा ओढतात.”

“दोरीला काय कळतं?” उस्ताद म्हणाले.

उस्तादांच्या डाव्या डोळ्यात पांढरं पडलेलं होतं. बुबुळाच्या जागी दुधाचा थेंब साकळल्यासारखं. उकिडव्यांनी पहिल्या दिवशीच मनाशी ठरवून टाकलं, की हा डोळा गेलेला आहे. विचारलं कधीच नाही. डाव्या बाजूने कोणी आलं तरी उस्ताद मान वळवत, हे त्यांनी पाहिलं होतं. पावलांचा आवाज ऐकत असतील, असं त्यांना वाटलं.

रस्त्यावर मात्र एका डोळ्याने खाचखळग्यांचा अंदाज येत नसे, म्हणून उस्तादांना सोबत लागे. एकदा मशिदीपर्यंत पोचवायला उकिडवे निघाले. त्यांनी उस्तादांचं मनगट घट्ट धरलं, आणि दहा पावलांवर उस्ताद गटाराच्या कडेला ठेचाळले.

“सोड.”

“पडाल, उस्ताद.”

“तू धरलंस म्हणून पडतोय. सोड.”

उकिडव्यांनी हात सोडला. उस्तादांनी आपली चार बोटं त्यांच्या खांद्यावर टेकवली, नुसती टेकवली, आणि म्हणाले, “आता चाल.”

मग ते मशिदीपर्यंत कुठेही अडखळले नाहीत.

उकिडव्यांना त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. रायफल क्लबची एक जुनी तीनशेपंधरा बोअरची रायफल दुकानात आली होती. घर झिजलेलं. जानेवारीत स्पर्धा होती आणि ती रायफल उकिडवेच वापरणार होते.

झिजलेला भाग उस्तादांनी कापून दिला. नळी लेथवर चढली. उकिडव्यांनी दोन बोटांत दांडी धरून रिमर आत सारायला घेतला. उस्ताद शेजारी उभे राहून कानाने काम पाहत होते.

थोडं आत गेल्यावर रिमर थरथरू लागला. कर्रकर्र आवाज आला.

“सोड,” उस्ताद म्हणाले.

उकिडव्यांनी बोटं सैल केली. आवाज थांबला. पुन्हा धरली, पुन्हा आवाज.

“घाबरतोयस,” उस्ताद म्हणाले. “घाबरलेला माणूस आवळतो.”

“मी घाबरलेलो नाही. या पद्धतीतच दोष आहे.”

तेवढ्यात अजान झाली.

“मी येईपर्यंत लेथ बंद,” उस्ताद म्हणाले. सिकंदरच्या खांद्याला बोटं टेकवून ते नमाजाला गेले.

उकिडवे लेथपाशी एकटे राहिले. घड्याळात पावणेदोन वाजले होते. चार वाजता कॉलेजात तोंडी परीक्षा घ्यायची होती. हातातला रिमर थरथरतो आणि एक म्हातारा त्याला भीती म्हणतो...

त्यांनी रिमर टेकूवरून काढला. मागच्या चकमध्ये बसवला. चावी लावून आवळला. नळीच्या अंगावर डायल टेकवून नळी फिरवली. काटा जागचा हलला नाही.

लेथ सुरू केला. या खेपेला रिमर थरथरला नाही. मुकाट्याने आत गेला. तेल घातलं, काढला, पुसला, पुन्हा घातला. तासाभरात घर तयार झालं. आतून आरशासारखं चमकत होतं.

मग त्यांनी रिमर चकमधून काढून पुन्हा टेकूपाशी ठेवला. चावी होती तिथे अडकवली.

उस्ताद परत आले तेव्हा उकिडवे नळी रायफलीवर चढवत होते.

“झालं?”

“झालं.”

“मी थांब म्हणालो होतो.”

“मला चारला पोचायचंय, उस्ताद. परीक्षा आहे.”

उस्तादांनी नळी उतरवायला लावली. करंगळी तिच्या मागच्या तोंडात घातली. नख आतल्या कडेवरून फिरवलं. एकदा... पुन्हा एकदा.

“हातात धरून केलंस?”

“हो.”

“दोन बोटांत?”

“हो, उस्ताद.”

सिकंदर दारात उभा होता. त्याने लेथकडे पाहिलं, मग उकिडव्यांकडे. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही.

“ठीक,” उस्ताद म्हणाले. “चढव नळी. चल, अंगणात.”

अंगणात ऊन होतं. वाळूच्या पोत्यांवर एक मांजर झोपलं होतं. सिकंदरने त्याला हाकललं.

उस्तादांनी एक काडतूस उकिडव्यांच्या हातात दिलं.

उकिडव्यांनी ते घरात सारलं. गेलं. बोल्ट, म्हणजे घराच्या मागच्या तोंडाचा अडसर, लावला. लागला. पण खांद्याला लावायला म्हणून रायफल उचलली, आणि हात तिथेच थांबले.

काडतूस फार सहज गेलं होतं. मागच्या तोंडाशी ते किंचित खुळखुळलं होतं. भोक एकीकडे आणि आवळलेला रिमर दुसरीकडे ओढत असेल, तर पहिल्यांदा कुठे जास्त कापलं जाईल? मागच्या तोंडाशी. पितळेला तिथे आधार मिळणार नाही. पितळ तिथे फाटेल. फाटलं तर सगळा जाळ मागे येईल, बोल्टवरून, लाकडाला लावलेल्या गालाकडे, डोळ्याकडे...

हे सगळं त्यांना चार क्षणांत कळलं. डॉक्टरेट होती.

“उस्ताद...”

“बोल.”

“मला उशीर होतोय. परीक्षा चारला आहे. आत्ता निघालो तरच...”

“एक गोळी झाडायला किती वेळ लागतो?”

उकिडव्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“भालचंदर.” उस्तादांचा आवाज खाली आला. “काही सांगायचंय?”

...

लेथच्या शेजारी अडकवलेली चावी उकिडव्यांच्या डोळ्यांसमोर आली. मघाशी दारातून लेथकडे पाहणारा सिकंदरही आठवला. आठ महिने पद्धतीतला दोष सांगणारे आपण.

“नाही,” ते म्हणाले.

“मग दे इकडे.”

उस्तादांनी रायफल घेतली. पोत्यांसमोर उभे राहिले. उस्ताद नेहमी उजव्या खांद्यावरून झाडत. उकिडव्यांनी आठ महिने पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी रायफल उजव्या खांद्याला टेकवली, थोडा वेळ तशीच ठेवली... आणि मग डाव्या खांद्याला घेतली. डावा गाल लाकडाला लावला. पांढरा डोळा बोल्टच्या मागे आला.

म्हणजे उस्तादांना माहीत होतं.

आणि उकिडव्यांना माहीत आहे, हेही त्यांना माहीत होतं.

“चाचा, उलटी का धरली?” सिकंदर म्हणाला.

 उस्तादांनी घोड्यावर बोट ठेवलं आणि ते थांबले. किती वेळ थांबले? उकिडव्यांना आजही वाटतं, खूप वेळ. एक शब्द उच्चारायला जेवढा लागतो, त्याच्या कितीतरी पट. आपण ‘थांबा’ म्हटलं होतं, असं त्यांना कधी कधी आठवतं. पहाटे जाग आल्यावर तर अगदी स्पष्ट आठवतं.

पण सिकंदरला तसं आठवत नाही.

आवाज नेहमीसारखा झाला नाही. गोळीच्या आवाजात दुसरा एक आवाज होता, पत्रा फाटल्यासारखा. उस्ताद मागे सरले, पडले नाहीत. रायफल त्यांनी आधी खाली ठेवली, नीट, तोंड पोत्यांकडे करून. मग डावा तळवा डोळ्यावर दाबला.

“धरलंस कशाला?” ते म्हणाले.

 

सिकंदर टांगा आणायला धावला. उकिडवे पुढे झाले, तसा उस्तादांनी उजवा हात वर केला.

“तू जा. तुझी परीक्षा आहे.”

आणि उकिडवे गेले.

चारला दहा मिनिटं कमी असताना ते कॉलेजात पोचले. शर्टाच्या बाहीवर तेल होतं. सतरा मुलांची तोंडी परीक्षा घेतली. त्या दिवशी त्यांनी एकालाही नापास केलं नाही.

नऊ दिवसांनी ते मिरजेला गेले. दुकान उघडं होतं. उस्ताद बाकावर बसले होते. डाव्या डोळ्यावर पट्टी होती, गालावर काळे-निळे ठिपके. बारुदाचे. ते पुढेही गेले नाहीत.

सिकंदरने उकिडव्यांना पाहिलं आणि तो उठून आपल्या गाळ्यात गेला. आतून तासणीचा आवाज जोरात येऊ लागला.

“बस,” उस्ताद म्हणाले.

उकिडवे उभेच राहिले.

उस्तादांनी खिशातून काहीतरी काढून बाकावर ठेवलं. फुटलेलं काडतूस. मागच्या बाजूने फुगलेलं, एका कडेला उभं फाटलेलं. एकाच कडेला.

“बघ. कुठे फाटलं?”

उकिडव्यांनी पाहिलं. त्या फटीत नख सहज गेलं असतं.

“नळीची भिंत एका बाजूला जाड,” ते कसंबसं म्हणाले. “भोक दुसऱ्या बाजूला. रिमर मधोमध आवळलेला... मी आवळला होता, उस्ताद. चकमध्ये.”

“हं.”

“मी खोटं बोललो.”

“हं.”

तासणीचा आवाज थांबला होता.

आता उकिडव्यांना आणखी एकच गोष्ट विचारायची होती. तिच्यासाठीच ते आले होते. आठ रात्री त्यांनी तिच्यावरच काढल्या होत्या. ती विचारताना त्यांनी उस्तादांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, बाकाकडे पाहिलं.

“उस्ताद... तो डोळा... आधीच गेलेला होता ना?”

...

 शेजारच्या गाळ्यात सिकंदर काहीतरी म्हणायला उठला असावा. स्टूल सरकल्याचा आवाज आला.

“सिकंदर,” उस्तादांनी मोठ्याने हाक मारली. “चहा सांग. दोन.”

मग ते उकिडव्यांकडे वळले. पूर्ण मान वळवून, कारण आता तसंच वळावं लागत होतं.

“हो, बेटा,” ते म्हणाले. “आधीच गेलेला होता.”

उकिडव्यांच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. ते बाकावर बसले आणि रडले.

चहा आला. उस्ताद उठले, लेथपाशी गेले, टेकूवर रिमर लावला. उकिडव्यांना बोलावलं. त्यांची दोन बोटं दांडीवर ठेवली आणि आपली चार बोटं त्यांच्या खांद्यावर, नुसती टेकवून.

“आता चाल,” ते म्हणाले.

त्यानंतर अकरा वर्षं, उस्ताद जाईपर्यंत, उकिडवे दर शनिवारी जात राहिले. तीनशेपंधराच्या त्या नळीचं बिघडलेलं घर कापून नवं त्यांनीच कोरलं. पहिली गोळी त्यांनीच झाडली. रिमर पुन्हा कधी आवळला नाही. आणि पुढे कित्येक वर्षं, कुणाला काही कबूल करायची वेळ आली, की ते स्वतःला बजावत: डोळा आधीच गेलेला होता.

सिकंदर म्हातारा झाला, तेव्हा त्याने दोन्ही गाळे विकले. उकिडवे त्या वर्षी एकाहत्तरचे होते. त्याने उस्तादांची पत्र्याची पेटी त्यांच्या घरी पाठवून दिली. सोबत चिठ्ठी नव्हती. पेटीत वाटाड्याच्या सहा पिना होत्या, ते फुटलेलं काडतूस होतं आणि दोन कागद होते.

पहिला कागद डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी. तारीख त्या शनिवारच्या अकरा दिवस आधीची. डावा डोळा, पिकलेला मोतीबिंदू. प्रकाश चारही बाजूंनी कळतो. शस्त्रक्रियेने दृष्टी परत येईल. नेमलेली तारीख, दहा डिसेंबर.

उकिडव्यांनी ती चिठ्ठी आपल्या ओळखीच्या नेत्रतज्ज्ञाकडे नेली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि सांगितलं, की हा डोळा वाचण्यासारखा होता, यात शंका नाही.

दुसरा कागद पोलिसांनी दवाखान्यात घेतलेल्या जबाबाची कार्बन प्रत. अक्षर हवालदाराचं, खाली उस्तादांची सही. सही तिरकी, ओळ सोडून खाली गेलेली. नळी कोणी कापली, या प्रश्नापुढे एवढंच लिहिलेलं आहे:

“आमच्या दुकानात जो पहिली गोळी झाडतो, त्यानेच कापलेली असते.”